चतुरांचें दप्तर

भाद्रपद सरून आश्विन लागला, पावसानें उघडीप दिली, कीं मुंबई-पुण्याकडील मोकळ्या मैदानांवर सायंकाळच्या उन्हांत पिवळसर अंगाच्या चतुरांचे थवेच्या थवे तरंगतांना दिसूं लागतात. मोठ्या माणसांचें लक्ष त्यांच्याकडे क्वचितच जातें. मुलांचें मात्र जातें. आणि चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडविण्याचा निर्दय खेळ महाराष्ट्रांतील पुष्कळ प्रौढ गृहस्थांनीं बाळपणीं केव्हां ना केव्हां खेळलेला असतो. कांहीं दिवस हे थवे दिसतात आणि मग एकाएकीं नाहींसे होतात. ते येतात कोठून व जातात कोठें, हा प्रश्न मुलांनीं विचारला तर वडील मंडळी आभाळाकडे बोट दाखवून मोकळी होत. याहून बरें उत्तर विद्वानांपाशींही बराच काळ नव्हतें. तें उत्तर जुळत आलें तें एकविसाव्या शतकांत. आणि तें जुळवून आणण्यापूर्वीं अडीचशें वर्षें कोणी ना कोणी हे किडे जमवीत, त्यांना नांवें देत आणि त्यांच्याविषयींच्या चिठ्ठ्या लिहीत बसले होते. त्या चिठ्ठ्यांचा इतिहास पुष्कळ अंशीं आपल्याकडील जुन्या दप्तरांच्या इतिहासासारखाच आहे.

मैदानावरील ह्या चतुराचें शास्त्रीय नांव 'पँटाला फ्लॅव्हेसेन्स'. त्यांतलें 'पिवळसर' अशा अर्थाचें दुसरें पद त्याला १७९८ मध्यें फॅब्रिशियस नांवाच्या पंडितानें दिलें. नमुना हिंदुस्थानांतून गेलेला होता. नांव ठेवणारा मात्र हिंदुस्थानांत कधींही आला नाहीं. तो उत्तरेकडे कील येथील विद्यापीठांत अध्यापक होता. त्यानेंच यापूर्वीं, १७९३ च्या सुमारास, चतुर व टांचण्या ह्यांच्या सबंध गणाला 'ओडोनेटा' हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत 'ओडोन्' म्हणजे दांत. 'दन्त' हा आपला शब्द त्याचाच सख्खा भाऊ. ह्या गणांतील प्राण्यांचे जबडे दांतेरी असतात व उडतां उडतां ते डांस-चिलटें पकडून खातात, त्यावरून हें नांव आलें. चतुर बसतो तेव्हां पंख पसरून बसतो. त्याचे डोळे मोठे आणि बहुधा एकमेकांस भिडलेले असतात. टांचणीची काया काडीसारखी बारीक, डोळे एकमेकांपासून दूर. आणि बसतांना ती बहुधा पंख पाठीवर मिटून घेते. दोघांचेंही बालपण पाण्यांत जातें. मराठीनें ह्या नाजूक जीवाला 'टांचणी' म्हटलें, आणि संग्रहालयांनीं तिला खऱ्याच टांचणीवर टोंचून ठेवलें, हा एक योगायोगच म्हणावयाचा.

फॅब्रिशियसचा गुरु म्हणजे स्वीडनचा लिनीअस. १७५८ मध्यें त्यानें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत प्राण्यांना दोन पदांचीं नांवें देण्याची पद्धति सर्वत्र लावली. त्याच्या यादींत चतुर व टांचण्या मिळून विसांहूनही कमी होत्या, आणि त्या सर्व एकाच 'लिबेलुला' ह्या कुळांत कोंबलेल्या होत्या. आज जगांत ज्ञात असलेल्या जाती सहा हजारांच्या वर आहेत; एकट्या भारतांत सुमारें पांचशें. म्हणजे लिनीअसला माहीत होतें तें सबंध जग आज कोंकणांतल्या एखाद्या तालुक्यांत सहज मावेल. परंतु त्यानें केवळ नांवें ठेवलीं नाहींत. ज्या किड्यांवरून तीं ठेवलीं ते किडेही जपून ठेविले. तो वारल्यावर त्याच्या विधवेनें तो सारा संग्रह १७८४ मध्यें जेम्स एडवर्ड स्मिथ ह्या तरुण इंग्रजास विकला. स्वीडनच्या राजाला हें उशिरां कळलें आणि त्यानें पेट्या घेऊन जाणाऱ्या जहाजाचा पाठलाग करण्यासाठीं लढाऊ गलबत पाठविलें, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी नाहीं. पण ती पिकली यावरूनच त्या टांचलेल्या किड्यांची किंमत लोकांना पुढें किती वाटूं लागली होती हें दिसतें. स्मिथच्या मृत्यूनंतर, १८२९ मध्यें, लंडनच्या लिनीअन सोसायटीनें तो संग्रह विकत घेतला. तो अद्याप तेथेंच आहे. आणि आतां त्याचीं चित्रें संगणकाच्या पडद्यावर कोणालाही घरबसल्या पाहतां येतात.

मेलेला किडा जपून ठेवण्यांत एवढें महत्त्व काय, असें कोणी विचारील. महाराष्ट्रांतील वाचकाला तें राजवाड्यांच्या उदाहरणानें चटकन् कळेल. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि मूळ कागद हातीं असल्याशिवाय इतिहासाची गोष्ट बोलूं नये हा दंडक घालून दिला. पुढें १९३० ते १९३४ या काळांत सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग काढले, तेव्हां अनेक पिढीजात समजुतींना मुरड घालावी लागली. बखर कितीही गोड असली तरी वाद पडला म्हणजे शेवटीं मूळ कागद पाहावा लागतो. जीवशास्त्रांत तें काम नमुना करतो. एखाद्या जातीचें नांव प्रथम ज्या नमुन्यावरून ठेविलें गेलें, तो तिचा प्रमाण-नमुना. पुढें शंभर वर्षांनीं कोणी उठून 'ही जाति ती नव्हे' असें म्हटलें, तर ग्रंथ बाजूस ठेवून त्या एका वाळलेल्या देहाकडे जावें लागतें. आणि जसा मिति व ठिकाण नसलेला कागद इतिहासकाराला लंगडा वाटतो, तसाच चिठ्ठी नसलेला चतुर. कोठें सांपडला, केव्हां सांपडला, कोणीं पकडला, एवढ्या तीन गोष्टी नखाएवढ्या कागदावर लिहिलेल्या असल्या म्हणजे तो पुरावा होतो; नसल्या तर ती एक शोभेची वस्तु.

ह्या विद्येचा पाया ज्यांनीं भरला, त्यांपैकीं फार थोड्यांचें पोट तिच्यावर चालत होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकांतील सर्वांत मोठा चतुरशास्त्रज्ञ म्हणजे बेल्जममधील सेलिस-लाँगशां हा उमराव. तो १८१३ मध्यें जन्मला आणि १९०० च्या डिसेंबरांत वारला. १८८० ते १८८४ पर्यंत तो बेल्जमच्या सेनेटचा अध्यक्ष होता. राज्यकारभाराचें काम उरकून हा गृहस्थ आपल्या वाड्यांत येई व जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले चतुर पाहत बसे. १८४० मध्यें त्यानें युरोपांतील चतुरांवर ग्रंथ लिहिला, आणि मग साठ वर्षें त्याची लेखणी थांबली नाहीं. शेंकडों जातींना त्यानें नांवें दिलीं. त्याचा संग्रह ब्रुसेल्सच्या संग्रहालयांत गेला, आणि त्याची वर्णनात्मक सूचि तयार करण्याचें काम त्याच्या मृत्यूनंतर इतरांनीं कित्येक वर्षें केलें. त्यांतील एक मोठा भाग, १९०९ ते १९१९ या काळांत, रिस नांवाच्या स्विस डॉक्टरानें लिहिला. रिस हा ऱ्हाइनाव येथील वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख होता. अमेरिकेंत इंडियाना प्रांतांतील विल्यमसन हा एका पेढीचा चालक. त्याचे चतुर आज मिशिगन विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. सेनेटर, वेड्यांचा वैद्य, पेढीवाला, आणि पुढें ज्याची हकीकत यावयाची आहे तो लष्करी डॉक्टर: अशा माणसांच्या रविवारांवर हें शास्त्र उभें राहिलें.

सेलिसचा सहकारी हागेन याची गोष्ट थोडी वेगळी. हा पूर्व प्रशियांतील कोनिग्सबर्गचा वैद्य. मैदानावरील आपल्या चतुराच्या नांवांतील 'पँटाला' हें पहिलें पद १८६१ मध्यें त्यानेंच दिलें. लगेच पुढच्या दोन वर्षांत, १८६२-६३ मध्यें, त्यानें 'बिब्लिओथेका एंटोमोलॉजिका' नांवाचे दोन खंड काढले. तोंवर जगांत कीटकांविषयीं जें जें म्हणून छापलें गेलें होतें, त्या सगळ्याची ती यादी होती. लेखकांच्या नांवांनुसार लावलेल्या ह्या रुक्ष यादीकडे आज कोणी फारसें वळत नाहीं. पण ज्याला आतां 'डेटाबेस' म्हणतात, त्या नोंदकोशाचा एक आजोबा म्हणून तिच्याकडे बोट दाखवितां येईल. विखुरलेलें ज्ञान एका जागीं, शोधतां येईल अशा क्रमानें मांडावयाचें, हा हेतु दोहोंचा एकच. हागेनचा कोश मेणबत्तीच्या उजेडांत तयार झाला, एवढाच फरक. १८६७ मध्यें लुई अगासीझ यानें त्याला अमेरिकेंत हार्वर्डला बोलावून घेतलें, आणि तेथेंच १८९३ मध्यें तो निवर्तला.

आतां हिंदुस्थानाकडे वळावयाचें. फ्रेडरिक चार्लस् फ्रेझर हा १८८० मध्यें इंग्लंडांत जन्मला व इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें डॉक्टर होऊन इकडे आला. पलटणीबरोबर व सरकारी बदल्यांबरोबर तो देशभर हिंडला. पण त्याचें मन रमलें तें सह्याद्रि आणि निलगिरि यांच्या ओढ्यांत. मुंबईस १८८३ मध्यें स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९१८ पासून त्याची 'हिंदी चतुर' ही लेखमाला सुरू झाली आणि ती अनेक वर्षें चालली. १९२४ मध्यें कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या पत्रिकेंत त्यानें पश्चिम हिंदुस्थानच्या चतुरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्या एका लेखांत तीस नव्या जातींचीं वर्णनें आहेत. शेवटीं 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' ह्या मालेंत त्याचे तीन खंड निघाले: १९३३, १९३४ आणि १९३६. तिन्ही मिळून बाराशेंहून अधिक पृष्ठें. पंखांच्या शिरा, शेपटीच्या टोंकाचे आंकडे, छातीवरील पट्टे, यांच्या रेखाकृतींनीं तीं भरलेलीं आहेत. नव्वद वर्षें होऊन गेलीं तरी भारतीय चतुरांचा अभ्यासक आजही हेच खंड प्रथम उघडतो.

फ्रेझरच्या जोडीनें लेडलॉ हें नांवही घ्यावयास हवें. तोही डॉक्टरच, इंग्लंडांत राहून त्यानें इंडियन म्यूझियमकडून आलेल्या हिंदी चतुरांवर पुष्कळ लिहिलें. दोघेही १९६३ मध्येंच वारले. फ्रेझरच्या संग्रहाचा मोठा भाग लंडनच्या संग्रहालयांत गेला, आणि येथूनच एका पेंचाला सुरुवात झाली. ओढा सह्याद्रींतला, चतुर सह्याद्रींतला, पण त्याच्या नांवाचा शेवटचा पुरावा मात्र पांच-सहा हजार मैलांवरच्या खणांत. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या हातांतील टांचणी जुनी कीं नवी हें नक्की करावयाचें, तर त्यानें विलायतेचें भाडें कोठून आणावें? साम्राज्यें येतात नि जातात. खण मात्र जेथल्या तेथें राहतात. आणखी एक गोष्ट त्या चिठ्ठ्यांवर नाहीं. ज्या चिठ्ठीवर साहेबाचें नांव, तो चतुर पुष्कळदां एखाद्या शिपायानें, खानसाम्यानें किंवा रानांतल्या पोरानें पकडलेला असे. त्या हातांचें नांव चिठ्ठीवर क्वचितच येई. आणि जें चिठ्ठीवर आलें नाहीं, तें संगणकावर तरी कोठून येणार?

चतुर जपणें हें फुलपांखरूं जपण्यापेक्षां अवघड काम आहे. फुलपांखराचा रंग त्याच्या पंखांवरील खवल्यांत असतो व तो टिकतो. चतुराचा रंग पुष्कळसा कातडीच्या आंतील थरांत असतो. तो मेला, आंतलीं आंतडीं कुजूं लागलीं, कीं आकाशासारखी निळी टांचणी दोन दिवसांत काळीकुट्ट होते. म्हणून जुन्या संग्रहांत बहुतेक मंडळी विड्याच्या सुकल्या पानासारख्या रंगाची दिसतात. पुढें एक युक्ति सांपडली. ताजा चतुर अॅसिटोन ह्या द्रवांत कांहीं तास बुडवून ठेवला म्हणजे अंगांतील पाणी व चरबी निघून जाते, आणि रंग बराचसा राहतो. टांचणीवर टोंचण्याऐवजीं आतां त्याला पारदर्शक पाकिटांत ठेवतात; पाठीमागें जाड कागदाचें एक पत्र, त्यावर स्थळ, काळ आणि नांव. जागा कमी लागते, मान मोडली तरी ती पाकिटांतच राहते, आणि चिठ्ठी व किडा यांची ताटातूट होत नाहीं. तरीही शत्रु आहेतच. संग्रहालयांत शिरणारा एक बारकासा भुंगेरा वाळलेले किडे पोखरून त्यांचें पीठ करून टाकतो; आपल्याकडील पावसाळ्यांत बुरशी येते; डांबराच्या गोळ्या बदलावयास कोणी विसरला, तर एका वर्षांत पन्नास वर्षांची कमाई धुळीस मिळते. आणि अग्नि तर कोणाचीच वाट पाहत नाहीं. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्रीं ब्राझिलमध्यें रिओ येथील राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. तेथील कीटकांचा अवाढव्य संग्रह, त्यांत चतुरही, जवळजवळ सर्व भस्म झाला. ज्या नमुन्यांचीं चित्रें आधींच काढून ठेवलीं होतीं, त्यांची निदान छाया उरली. त्यापूर्वीं दोनच वर्षें, २६ एप्रिल २०१६ रोजीं, दिल्लीचें प्राकृतिक इतिहासाचें राष्ट्रीय संग्रहालयही जळालें होतें.

नमुन्यांची नोंद संगणकावर चढवावी ही कल्पना रिओच्या आगीहून पुष्कळ जुनी आहे. वेगवेगळ्या संग्रहालयांनीं आपापल्या परीनें ती सुरू केली. पण प्रत्येकाची वही वेगळी, रकाने वेगळे. एकानें आधीं दिवस लिहावा, दुसऱ्यानें आधीं महिना. म्हणजे ३ एप्रिल कीं ४ मार्च, याचा पत्ता लागूं नये. जमाखर्चाच्या दोन पेढ्यांनीं निरनिराळ्या पद्धतीनें वह्या लिहिल्या म्हणजे मेळ कसा बसत नाहीं, हें कोणाही कारकुनाला ठाऊक असतें. १९८५ मध्यें ह्या कामासाठीं एक आंतरराष्ट्रीय मंडळ निघालें, आणि बऱ्याच खटाटोपानंतर २००९ मध्यें 'डार्विन कोअर' नांवाचे सर्वमान्य रकाने ठरले. दरम्यान २००१ मध्यें 'जीबीआयएफ' ही संस्था स्थापन झाली. तिचें मुख्य ठाणें कोपनहेगन येथें आहे. जगांतील संग्रहालयें आपल्या नोंदी तिच्या द्वारें खुल्या करतात, आणि त्यांची संख्या आतां अब्जांत मोजावी लागते. चतुरांपुरतेंच पाहिलें तर अमेरिकेंतील 'ओडोनेटा सेंट्रल' हा नोंदकोश आहे, आणि जगांतील सर्व जातींची अधिकृत नामावळि डेनिस पॉलसन व मार्टिन शोर यांनीं वर्षानुवर्षें चालविली. आपल्याकडे 'ओडोनेटा ऑफ इंडिया' हा कोश आहे. त्यांत ठिकठिकाणच्या हौशी लोकांनीं काढलेलीं छायाचित्रें तज्ज्ञ तपासून घेतात. जुने ग्रंथही त्याच वाटेनें आले. मुंबईच्या सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने अंक, फ्रेझरच्या लेखमालेसह, आतां 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'मुळें कोणालाही फुकट वाचतां येतात. विलायतेचें भाडें न जमलेल्या त्या विद्यार्थ्याची निम्मी अडचण येथें दूर झाली.

निम्मीच, कारण संगणकाची नोंद ही मूळ चिठ्ठीची नक्कल आहे, आणि नक्कल करणाराच्या चुका तिच्यांत उतरतात. मोडी वाचतांना 'व' चा 'ब' झाला म्हणजे वंशावळींत काय घोटाळे होतात, हें इतिहास-संशोधकांना सांगावयास नको. येथें त्याहून विचित्र प्रकार घडतात. चिठ्ठीवर 'कूर्ग' एवढेंच लिहिलेलें असतें. कूर्ग म्हणजे सबंध प्रांत. नकाशावर टिंब देणें तर भाग. मग नोंदणारा प्रांताच्या मधोमध एक टिंब ठेवतो. पन्नास वर्षांनीं कोणी ते नेमकें ठिकाण समजून तेथें जाळें घेऊन जातो, तों तेथें कॉफीचा मळा. 'मुंबई' असें लिहिलेलें असलें तर तें शहर, कीं सिंधपासून कारवारपर्यंतचा सारा इलाखा, कीं माल जेथून जहाजावर चढला तें नुसतें बंदर, हें संग्राहकाचा प्रवास माहीत असल्याखेरीज सांगतां येत नाहीं. जाणते लोक म्हणून आतां नुसतें टिंब देत नाहींत. त्याभोंवतीं वर्तुळ काढून 'ठिकाण याच्या आंत कोठें तरी' असें प्रामाणिकपणें लिहितात. अक्षांश-रेखांशाचे रकाने रिकामे राहिले आणि यंत्रानें त्यांत शून्य भरलें, कीं कोंकणांतली टांचणी आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रांत जाऊन बसते. असे चतुर तेथें पुष्कळ आहेत. अज्ञान लपविणाऱ्या अचूक आंकड्यापेक्षां अज्ञान कबूल करणारें मोठें वर्तुळ केव्हांही बरें. पण वर्तुळ काढावयास वेळ लागतो आणि आंकडा भरावयास लागत नाहीं.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. २००८ पासून 'आयनॅचरलिस्ट' सारख्या योजनांमुळें खिशांतल्या दूरध्वनीनें काढलेल्या लक्षावधि चित्रांची भर पडली आहे. त्यांत चतुर पुष्कळ. कारण तो मोठा, रंगीत, आणि एकाच काडीवर पुनःपुन्हां येऊन बसणारा. हा लाभ लहान नाहीं. परंतु सह्याद्रींतील कित्येक टांचण्या अशा आहेत, कीं दोन जातींतला फरक नराच्या शेपटीच्या टोंकावरील केसाएवढ्या आंकड्यांत असतो. तो सूक्ष्मदर्शकाखालींच दिसतो, चित्रांत दिसत नाहीं. २०२० मध्यें सिंधुदुर्गाकडील 'ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस' ह्या कातळावर बसणाऱ्या चतुराचें नवी जाति म्हणून वर्णन झालें. त्याचें भावंड 'जेमिनाटा' १८४२ पासून विद्वानांना माहीत होतें, आणि घराच्या भिंतीवर किंवा हौदाच्या दगडावर तें कोणीही पाहिलें असेल. असलें नवें नांव नुसत्या चित्रावर उभें राहत नाहीं. प्रत्यक्ष देह हातांत घेऊन, जुन्या भावंडांशीं ताडून पाहावा लागतो. उलटपक्षीं, जाळें घेऊन दिसेल तो चतुर मारीत सुटावें असेंही नव्हे. डिसेंबर २०२१ मध्यें जगांतील ६,०१६ जातींची पहिली सर्वंकष तपासणी जाहीर झाली. त्यांपैकीं १६ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यांत असल्याचें दिसून आलें. कारणें जाळ्यांचीं नव्हेत. दलदली बुजविणें, ओढ्यांत घाण सोडणें, जंगल तोडणें हीं आहेत. ह्या तपासणीचा आधार कोणता, तर पुन्हा त्याच जुन्या चिठ्ठ्या. पूर्वीं कोठें होता हें लिहून ठेवलेलें नसेल, तर आतां तेथून गेला हें कशावरून म्हणावयाचें?

एका बाटलीची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. १९१८ मध्यें स्टॅन्ले केंप ह्या अधिकाऱ्यानें दार्जिलिंगजवळ सोनादाच्या खालील एका ओढ्यांतून पाण्यांतला एक किडा उचलला. तो चतुराचें पोर होता. पण ओळखीच्या कोणत्याच घराण्याचा वाटेना. तो टिल्यर्ड ह्या नामांकित चतुरशास्त्रज्ञाकडे गेला. १९२१ मध्यें टिल्यर्डनें जाहीर केलें, कीं हा प्राणी चतुर आणि टांचणी यांच्या मधल्या अशा एका जुनाट शाखेचा आहे, कीं जिचे बहुतेक सगे-सोयरे दगडांत ठसे होऊन पडले आहेत. जिवंत असा एकच भाऊबंद तोंवर जपानांत ठाऊक होता. लेडलॉच्या नांवावरून त्यानें त्याला 'एपिओफ्लेबिया लेडलॉवी' म्हटलें. पंख फुटलेला प्रौढ प्राणी त्या वेळीं कोणींच पाहिलेला नव्हता, आणि पुढेंही कित्येक वर्षें तो कोणाच्या हातीं लागला नाहीं. हिमालयांतील एका सबंध जातीचें अस्तित्व तोंवर त्या पोरावर, आणि सोनादाचें नांव लिहिलेल्या त्याच्या चिठ्ठीवर टेकून होतें.

आतां पुन्हा मैदानावरील पिवळ्या चतुराकडे. मालदीव बेटांवर ऑक्टोबर महिना लागला कीं ह्या चतुरांचे थवे उतरतात. त्या बेटांवर गोड्या पाण्याचीं तळीं जवळजवळ नाहींतच. मग हे जन्मले कोठें? चार्लस् अँडरसन ह्या तेथें राहणाऱ्या समुद्रजीव-शास्त्रज्ञानें वर्षानुवर्षें त्यांच्या येण्याच्या तारखा टिपल्या, दक्षिण हिंदुस्थानांतील तारखा मिळविल्या, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नोंदी शोधल्या, आणि त्या ओळीनें मांडल्या. २००९ मध्यें त्यानें मांडलेलें अनुमान असें: हे थवे ईशान्य वाऱ्याच्या वरच्या थरावर स्वार होऊन हिंदुस्थानांतून मालदीववरून थेट पूर्व आफ्रिकेला जातात, तेथील पावसांत अंडीं घालतात, आणि त्यांची पुढची पिढी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर इकडे परतते. हा फेरा चौदा ते अठरा हजार किलोमीटरांचा, आणि तो पुरा व्हावयास चार पिढ्या लागतात. निघालेला चतुर परत येत नाहीं; येतो त्याचा पणतू.

अनुमान सुंदर होतें, पण पुरावा हवा होता. पावसाच्या पाण्यांत जड हायड्रोजनचें प्रमाण प्रदेशाप्रदेशाला बदलतें. ज्या डबक्यांत चतुराचें पोर वाढतें, त्या पाण्याची ती खूण त्याच्या पंखांत उतरते, आणि पंख एकदां वाळून कडक झाले म्हणजे ती मरेपर्यंत बदलत नाहीं. म्हणजे जन्मस्थळाची चिठ्ठी चतुर स्वतःच आपल्या पंखावर घेऊन फिरत असतो. ती लिहावयास साहेब लागत नाहीं. मालदीवमध्यें पकडलेल्या चतुरांचे पंख तपासण्यांत आले, आणि २०१२ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हे चतुर मालदीवचे नव्हेत, जवळच्या दक्षिण हिंदुस्थानचेही नव्हेत; ते भारतखंडाच्या उत्तर भागांत, कदाचित् त्याच्याही पलीकडे जन्मलेले आहेत. आश्विनांत महाराष्ट्राच्या मैदानांवर तरंगणारे थवे त्याच वाटेवरचे प्रवासी असावेत असें मानावयास पुष्कळ जागा आहे. ही तपासणी करावयाची म्हणजे पंखाचा तुकडा कापून, तोलून, अतिशय तापलेल्या नळींत घालावा लागतो. तुकडा त्यांत जळून जातो. मागें राहतो तो एक आंकडा, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यांत बेटाचें नांव व तारीख.